मॉन्टगोमेरीचा बस-बहिष्कार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातली एक गोष्ट आपल्याकडे सर्रास सांगितली जाते. शिवणकाम करणारी एक दमलेली बाई बसमध्ये बसली, गोऱ्या माणसासाठी उठली नाही, तिला अटक झाली आणि इतिहास बदलला. ऐकायला छान आहे. पण ३८१ दिवस हजारो माणसांनी जे केलं, ते या एका दमात सांगितलेल्या गोष्टीत कुठेच दिसत नाही. म्हणून पालक, शिक्षक आणि वाचनालयात येणारी मुलं जे प्रश्न हटकून विचारतात ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

थोडक्यात काय घडलं होतं?

मॉन्टगोमेरी ही अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याची राजधानी. १ डिसेंबर १९५५ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, ४२ वर्षांच्या रोझा पार्क्स कामावरून घरी निघाल्या होत्या. ड्रायव्हरने जागा सोडायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि पोलीस त्यांना घेऊन गेले. सोमवारी, ५ डिसेंबरला, खटला उभा राहिला. १० डॉलर दंड आणि ४ डॉलर कोर्टखर्च भरायचा हुकूम झाला. त्याच सोमवारी शहरातल्या काळ्या लोकांनी बसने जायचं नाही असं ठरवलं होतं. ठरला होता एकच दिवस, चाललं वर्षाच्या वर. २१ डिसेंबर १९५६ रोजी ते पुन्हा बसमध्ये चढले ते हव्या त्या जागेवर बसायला.

बसमध्ये नेमका नियम काय होता? 'काळ्यांनी मागे बसायचं' एवढंच ना?

एवढंच असतं तर निदान कुठे बसायचं ते तरी कळलं असतं. बसमध्ये ३६ जागा. पुढच्या १० गोऱ्यांच्या; बसमध्ये एकही गोरा नसला तरी त्या रिकाम्याच राहायच्या, आणि शेजारी माणसं दांडा धरून उभी. मागच्या १० काळ्यांच्या. मधल्या १६ जागांचा मामला ड्रायव्हरच्या मर्जीवर. आपल्या बसमध्ये 'फक्त महिलांसाठी' ही पाटी ज्या सीटवर आहे त्याच सीटवर राहते. इथली पाटी मात्र चालती होती. गोरे प्रवासी वाढले की रेषा मागे सरकायची. वर एकाच आडव्या रांगेत गोरा आणि काळा बसू शकत नव्हते. म्हणजे एका गोऱ्याला बसवायचं तर चार काळ्यांनी उठायचं.

पार्क्सबाई मधल्या भागातल्या पहिल्या रांगेत होत्या. एक गोरा माणूस उभा राहिला होता, म्हणून ड्रायव्हरने त्या रांगेतल्या चौघांना उठवलं. तिघे उठले.

चढण्याची तऱ्हा तर आणखी अपमानाची. पुढच्या दाराने चढून पैसे टाकायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने आत यायचं. एखादा ड्रायव्हर पैसे पडले की मागचं दार गाठायच्या आत गाडी हाकायचा. पार्क्सबाईंचं याच कारणावरून १९४३ मध्ये एका ड्रायव्हरशी वाजलं होतं. त्याने त्यांना उतरवलं होतं. त्याचं नाव जेम्स ब्लेक. तेव्हापासून त्या त्याची गाडी टाळत. त्या गुरुवारी चढताना ड्रायव्हरकडे लक्ष गेलं नाही, आणि गाडी त्याचीच निघाली.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: या बसच्या प्रवाशांत काळ्यांचं प्रमाण पाऊण हिश्शाच्या आसपास होतं. कंपनी ज्यांच्या पैशावर चालत होती, त्यांनाच उभं ठेवत होती. पुढे जे झालं त्याची किल्ली इथे आहे.

पार्क्सबाई दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, हे खरं का?

नाही. त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात हे खोडून काढलं आहे. रोजच्यापेक्षा जास्त दमले नव्हते, आणि दमले असेन तर नमतं घेऊन घेऊन दमले होते, असं त्यांचं म्हणणं.

'दमलेली बाई' ही गोष्ट लोकांना आवडते, कारण तिच्यात राजकारण नाही. खऱ्या पार्क्सबाई पुरत्या राजकारणात होत्या. एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांसाठी झगडणारी देशव्यापी संघटना. तिच्या मॉन्टगोमेरी शाखेच्या त्या १९४३ पासून सचिव. १९४४ मध्ये रेसी टेलर या काळ्या तरुणीवर गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा माहिती गोळा करायला अ‍ॅबेव्हिल गावी गेल्या त्या याच. १९५५ च्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर शाळेत शिबिराला जाऊन आल्या होत्या, जिथे काळे-गोरे एकत्र बसून चळवळ कशी चालवायची हे शिकत. दिवसा एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कपड्यांचं अल्टरेशन आणि संध्याकाळी संघटनेचा पत्रव्यवहार, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मात्र उलटं टोकही नको. अटक व्हावी म्हणून त्या त्या संध्याकाळी ठरवून बसल्या होत्या, असं काही नव्हतं.

त्यांच्या आधी कोणी असं केलं नव्हतं का?

केलं होतं, आणि त्याच वर्षी. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कोल्विन नावाची १५ वर्षांची शाळकरी मुलगी अशीच बसून राहिली. पोलिसांनी तिला ओढत खाली उतरवलं आणि बेड्या घातल्या. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रुथ या काळ्या स्त्रियांबद्दल शाळेत नुकतंच शिकवलं होतं. एका खांद्यावर एकीचा आणि दुसऱ्या खांद्यावर दुसरीचा हात दाबून बसवत होता, असं तिने पुढे सांगितलं. ऑक्टोबरमध्ये १८ वर्षांच्या मेरी लुईस स्मिथलाही अटक झाली.

मग कोल्विनला पुढे का केलं नाही? हा अन्यायच नाही का?

हा प्रश्न मुलं विचारतात आणि मोठी माणसं टाळतात.

कारणं दोन प्रकारची होती. एक कायद्याचं. तिच्यावर तीन आरोप ठेवले होते. अपिलात वर्णभेदाच्या नियमाचा आरोप गळला आणि पोलिसावर हात उचलल्याचा आरोप तेवढा राहिला. ज्या खटल्यात तो नियमच उरला नाही, त्यातून नियमाला आव्हान देणार कसं?

दुसरं कारण लोकलाजेचं. मुलगी लहान, गरीब वस्तीतली, रंगाने जास्त काळी, बोलायला फटकळ. पुढे काही महिन्यांत तिला दिवस गेल्याचंही कळलं, लग्न झालेलं नसताना. पुढाऱ्यांना असा चेहरा हवा होता ज्याच्याकडे बोट दाखवायला गोऱ्या वृत्तपत्रांना जागाच राहणार नाही. मध्यमवयीन, विवाहित, चर्चला जाणाऱ्या, मृदू बोलणाऱ्या पार्क्सबाई त्या साच्यात बसल्या. डावपेच म्हणून हे चुकलं असं मला म्हणवत नाही. लढा जिंकायचा होता. पण समतेच्या लढ्यातही कोण 'शोभतं' याचा हिशेब झाला, हे गाळून गोष्ट सांगितली तर ती गोड होते आणि खोटी पडते.

बहिष्काराची हाक मार्टिन ल्यूथर किंगनी दिली ना?

नाही. तेव्हा किंग २६ वर्षांचे होते, शहरात येऊन फार दिवस झाले नव्हते, डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू चर्चचे पाद्री होते. हाक दिली बायकांनी.

जो अ‍ॅन रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि विमेन्स पोलिटिकल काउन्सिल या काळ्या शिक्षित स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. १९४९ च्या नाताळच्या सुट्टीत जवळजवळ रिकाम्या बसमध्ये पुढे बसल्याबद्दल ड्रायव्हर त्यांच्या अंगावर धावून आला होता आणि त्या रडत उतरल्या होत्या. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे होतं. २१ मे १९५४ रोजी, म्हणजे पार्क्सबाईंच्या अटकेच्या दीड वर्ष आधी, त्यांनी महापौर गेल यांना लेखी कळवलं होतं की वागणूक सुधारली नाही तर बहिष्कार होऊ शकतो. पत्राची भाषा अदबीची आहे, धमकी साफ आहे.

अटकेची बातमी कळल्यावर त्याच रात्री रॉबिन्सनबाई कॉलेजात गेल्या. एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी सोबत घेतले आणि प्रती काढायचं सायक्लोस्टाइल यंत्र सुरू केलं. कागद कमी लागावा म्हणून एका पानावर तोच मजकूर तीनदा, मग पानं कापायची. मजकूर असा की आणखी एका बाईला अटक झाली आहे, कोल्विनच्या वेळी झालं तेच, सोमवारी बसने जाऊ नका. पहाटेपर्यंत हजारो पत्रकं तयार झाली. कॉलेज सरकारी, यंत्र कशासाठी फिरतंय हे वरच्यांना कळलं असतं तर नोकरी गेलीच. सकाळी आठचा तास घेऊन बाई गठ्ठे वाटायला निघाल्या.

यानंतर ई. डी. निक्सन यांनी पाद्र्यांना फोन लावले. रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टरची नोकरी करणारा आणि पोर्टरांच्या युनियनमध्ये तयार झालेला हा माणूस. पार्क्सबाईंना जामिनावर त्यांनीच सोडवून आणलं होतं. त्यांनी एका गोऱ्या बातमीदाराला बातमी पुरवली आणि रविवारी ती 'मॉन्टगोमेरी अ‍ॅडव्हर्टायझर'च्या पहिल्या पानावर झळकली. ज्या काळ्या घरांत पत्रक पोचलं नव्हतं तिथे गोऱ्यांच्या पेपरने निरोप पोचवला! बहिष्कार चालवायला काढलेल्या नव्या संघटनेचं किंगना अध्यक्ष केलं ते सोमवारी, पहिल्या दिवशी बस रिकाम्या धावल्यावर. शहरात नवे, म्हणून कोणाच्या गटातटात नव्हते, हेही त्यांच्या बाजूने गेलं. त्या रात्री होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये त्यांनी भाषण केलं आणि मग जग त्यांना ओळखू लागलं.

पण माणसं वर्षभर कामावर गेली कशी?

पुष्कळशी चालत गेली. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं अशी कामं करणाऱ्या बायका सर्वांत जास्त, आणि रोजची ये-जा कित्येक मैलांची.

आधी काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच दरात, १० सेंटला, माणसं न्यायला सुरुवात केली. शहराने लगेच जुना नियम काढला: टॅक्सीचं किमान भाडं ४५ सेंट. मग खासगी गाड्या गोळा झाल्या, सुमारे ३००. लुइझियानातल्या बॅटन रूज इथे १९५३ मध्ये असाच छोटा बहिष्कार झाला होता. तिथल्या पाद्र्यांकडून पद्धत विचारून घेतली. शहराचा कानाकोपरा माहीत असलेल्या दोन पोस्टातल्या माणसांना नकाशापुढे बसवलं आणि कुठून उचलायचं, कुठे सोडायचं याची ठिकाणं पक्की केली. एका काळ्या माणसाच्या पार्किंगच्या जागेत मुख्य तळ पडला. सकाळची ठिकाणं वेगळी, संध्याकाळची वेगळी. पुढे चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या. विमा कंपन्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा विमा थेट लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला.

मला विचाराल तर भाषणांपेक्षा हा कारभार थक्क करणारा आहे. वेळापत्रक, पेट्रोल, टायर, भांडणं, रुसवे, पावसाचे दिवस, आणि तरीही चाकरमान्यांना रोज वेळेवर पोचवणं.

पैसा कुठून आला?

बाहेरून देणग्या आल्या, चर्चमध्ये झोळी फिरली. पण जॉर्जिया गिलमोर यांचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या एका खाणावळीत स्वयंपाकीण होत्या. त्यांनी बायका जमवून तळलेली कोंबडी, केक, रताळ्याचं सारण भरलेले 'पाय' नावाचे गोड पदार्थ करून विकायला सुरुवात केली. सभेत पैसे देताना कोणी विचारलं कुठून आणले, तर 'कुठूनच नाही'. गटाचं नावही तेच ठेवलं, म्हणजे कोणाच्या मालकाला पत्ता लागायला नको. बहिष्काराबद्दल किंगवर भरलेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर गिलमोरबाईंची नोकरी गेली. मग त्यांनी घरातच खाणावळ घातली आणि तिथे किंगपासून सगळे जेवायला येऊ लागले.

सुरुवातीची मागणीच वर्णभेद संपवा अशी होती का?

नाही, आणि हे ऐकून लोक चकित होतात. पहिल्या मागण्या अगदी माफक: ड्रायव्हरने सभ्यपणे बोलावं, काळ्या वस्तीतल्या मार्गांवर काळे ड्रायव्हर घ्यावेत, आणि काळ्यांनी मागून, गोऱ्यांनी पुढून बसत यावं, पण बसलेल्याला उठवू नये. शहराने एवढंही मानलं नाही. मानलं असतं तर पुढचं सगळं कदाचित तिथेच थांबलं असतं.

शहराने काय केलं?

जे जमेल ते. किंगना २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेगाने गाडी चालवली म्हणून पकडलं. ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, दोन दिवसांनी निक्सन यांच्या घरी. १९२१ चा बहिष्कारविरोधी कायदा उकरून ८९ जणांवर आरोप ठेवले. इथे एक फासा उलटा पडला. अटकेला भ्यायच्या ऐवजी लोक ठेवणीतले कपडे घालून स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर झाले आणि 'यादीत माझं नाव आहे का?' म्हणून विचारू लागले.

सगळे गोरे विरोधात होते का?

बहुसंख्य होते. पण काही घरांत गोऱ्या मालकिणीच कामवालीला गाडीने आणू-सोडू लागल्या. महापौरांनी हे थांबवा म्हणून सांगितलं, तर त्यांचं म्हणणं, मग धुणं महापौरांनीच येऊन धुवावं. ही चळवळीवरची माया म्हणावी की घरातली गरज, ज्याने त्याने ठरवावं.

ज्युलिएट मॉर्गन यांची कहाणी वेगळी आणि वेदनेची. त्या शहराच्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. बहिष्काराला जेमतेम आठवडा झाला होता तोच, १२ डिसेंबर १९५५ च्या पेपरात त्यांचं पत्र छापून आलं: हे लोक गांधींच्या मिठाच्या सत्याग्रहाचा धडा गिरवत आहेत. म्हणजे या लढ्याचं गांधींशी नातं जाहीरपणे जोडणाऱ्या पहिल्यांमध्ये ही गोरी बाई होती. पुढे त्यांचा अतोनात छळ झाला. रात्री-अपरात्री फोन, घराच्या खिडक्यांवर दगड. १९५७ च्या जुलैमध्ये त्यांनी जीव दिला.

शेवटी विजय कोणाचा, बहिष्काराचा की कोर्टाचा?

कागदावर कोर्टाचा. पार्क्सबाईंचं अपील राज्याच्या कोर्टात रखडणार हे ओळखून फ्रेड ग्रे या तरुण काळ्या वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघराज्याच्या कोर्टात वेगळा दावा लावला. वादी चार बायका: ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. हो, तीच. जिला चेहरा म्हणून नाकारलं होतं तिने कोर्टात साक्ष दिली. ५ जूनला तीन न्यायाधीशांनी दोनविरुद्ध एक असा निकाल दिला की बसमधला वर्णभेद घटनाबाह्य आहे.

शहर सर्वोच्च न्यायालयात गेलं. १३ नोव्हेंबरला मॉन्टगोमेरीच्या कोर्टात गाड्यांची ती सोय बंद पाडायचा अर्ज चालू होता. किंग हरल्यासारखे बसले होते. मधल्या सुट्टीत एका बातमीदाराने हातात चिठ्ठी दिली: सर्वोच्च न्यायालयाने जूनचा निकाल कायम केला आहे. गाड्यांवर बंदी त्याच दिवशी आली. लेखी हुकूम शहरात पोचायला २० डिसेंबर उजाडला, तोवर लोक गाड्यांशिवाय चालत राहिले.

पण चार बायकांच्या मागे चालणारं शहर नसतं, तर तो दावा टिकवणं किती जड गेलं असतं, याचा विचार करावा. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून होत्या.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

थेट या बहिष्काराशी नाही. ओढूनताणून जोडू नये. पण दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, हे खरं आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंताला पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९५९ मध्ये भारतात आलेले किंग मुंबईत मणिभवनात उतरले. त्याच दौऱ्यात केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. आधी ते दचकले, रागावले, आणि मग त्यांना ते पटलं, असं त्यांनीच नंतर एका प्रवचनात सांगितलं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेकडून घेतलं.

तारखा शेजारी ठेवल्या तर एक योगायोग दिसतो. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर महिन्याभरात. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि दोन आठवड्यांनी मॉन्टगोमेरीच्या बस खुल्या झाल्या. योगायोगच, पण वर्ग घेताना फळ्यावर दोन रकाने काढून मांडण्यासारखा.

जिंकल्यानंतर सगळं सुरळीत झालं?

नाही. बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, जानेवारी १९५७ मध्ये एका रात्रीत अनेक चर्चवर बॉम्ब पडले. पार्क्सबाईंची नोकरी आधीच गेली होती. त्याच वर्षी त्यांना डेट्रॉइटला जावं लागलं, तिथेही कित्येक वर्षं ओढाताणीत गेली. रॉबिन्सनबाईंनी १९६० मध्ये कॉलेज सोडलं. कोल्विन न्यूयॉर्कला जाऊन रुग्णसेविका झाल्या. १५ व्या वर्षी कोर्टात लागलेला शिक्का कागदोपत्री पुसला गेला तो २०२१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी.

ती बस अजून आहे?

आहे. क्रमांक २८५७. सेवेतून काढल्यावर ती अलाबामातल्या एका शेतात पडून होती, अवजारं आणि लाकूड ठेवायला. २००१ मध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ४,९२,००० डॉलरला लिलावात घेतली आणि दुरुस्त करून ठेवली. तिच्यात चढून बसता येतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात हे नाटुकलं म्हणून बसवायचं आहे. काय सांभाळावं?

पहिलं म्हणजे मुलांच्या तोंडाला काळा रंग फासू नका. अमेरिकेत गोऱ्या नटांनी काळ्यांची टिंगल करण्यासाठी हेच केलं आहे. काळे-गोरे कोण हे दाखवायला दोन रंगांचे गळपट्टे पुरतात.

दुसरं, बसचा प्रसंग पाच मिनिटांत उरका. बाकीचा वेळ सायक्लोस्टाइलच्या रात्रीला, पार्किंगच्या तळाला आणि गिलमोरबाईंच्या स्वयंपाकघराला द्या. यात वर्गातल्या तीसही मुलांना कामं मिळतात, आणि मुलींना जास्त. कोल्विनचा प्रवेश पार्क्सबाईंच्या आधी घ्या. किंगचं काम करणाऱ्या मुलाला एकच भाषण द्या, तेही छोटं. त्याचे आईवडील कुरकुर करतील, करू द्या.